टिलीच्या रक्तातलं शिसं

लिआन पेंगेली आत आली, पण बसली नाही. "माझ्या पोरीला कोण विष घालतंय ते शोधा," ती म्हणाली.

रोमा ट्रेझाइजने खुर्ची पुढे सरकवली. रोमा पूर्वी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होती, आता खासगी तपास करायची. तिचा कामातला जोडीदार डग हाल्पिन निवृत्त हवालदार. तो गाडी चालवायचा आणि उतावळेपणाने गुन्हेगार ठरवायचा.

पोर्ट एलर्टनमधली शिशाची भट्टी आजोबा-पणजोबांपासूनची. पोरांच्या रक्तात थोडं शिसं निघालं तर कुणी दचकायचं नाही. पण दोन वर्षांच्या टिलीचं प्रमाण दर तपासणीला चढत होतं. नियमाप्रमाणे, मूल झोपतं त्या घराची माती तपासली गेली होती. माती स्वच्छ, घरातली धूळही स्वच्छ. नर्स येऊन लिआनचे ओटे न्याहाळायची आणि पोरीला लोह मिळेल असं खाऊ घाला म्हणायची. शेवटी लिआनने नवऱ्यालाच घराबाहेर काढलं. ब्रेट भट्टीत कामाला होता. तो कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या खोलीत, राहायला गेला, पोरीजवळही जाईना. तरी आकडा वाढलाच.

"नवराच," डग म्हणाला. एवढ्यावर न थांबता त्याने ते ब्रेटला तोंडावर ऐकवलं. ब्रेट भांडला नाही. बूट भट्टीवरच ठेवतो, आंघोळ करूनच निघतो, असं म्हणाला आणि खाली बघत राहिला. "तरी माझंच काहीतरी असणार," तो म्हणाला. डगला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

शेजारचा नेव्ह जुन्या खिडक्यांचा रंग खरवडायचा. पण त्याचा स्वतःचा नातू त्याच अंगणात लोळायचा, आणि त्याचं रक्त ठीक होतं.

राहिली ब्रेटची आई, बेरिल. लिआन मासळीच्या दुकानात कामाला जाई तेव्हा टिली या आजीकडे, तिच्या 'नॅन'कडे, असे. बेरिलची फरशी लख्ख होती आणि नातीला ती मातीला बोटही लावू देत नव्हती. मागच्या अंगणात लालभडक तुऱ्यांच्या कोंबड्या काळी वाळू उकरत होत्या. ती भट्टीची वाळू, शिसं गाळून उरलेल्या मळीची. फुकट मिळायची तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी तिनेच अंगणं सपाट केली होती. बेरिलने केक करायला घेतला आणि दुकानच्या खोक्यातली अंडी फोडली. कोंबड्या संपावर गेल्यात काय, असं डगने चिडवलं. बेरिल नुसती हसली. रोमा कोंबड्या बघून परतली ती कोटाच्या खिशावर हात धरून.

पुढच्या आठवड्यात तिने सगळ्यांना बेरिलच्याच स्वयंपाकघरात बोलावलं. टिली बाहेरच्या खोलीत खेळत होती.

"ब्रेट गेल्यावरही आकडा वाढला, म्हणजे ब्रेट नाही," रोमा म्हणाली. "घरातलं एकच माणूस आजारी. म्हणजे ते हवेत नाही, ताटात आहे. कोंबडीचा तुरा लालभडक असला की ती अंडी देत असते. मग बेरिल, तुम्ही दुकानची अंडी का आणता?"

"घरची टिलीला," बेरिल म्हणाली. "ताजी असतात. आम्हा म्हाताऱ्यांना काय, कसलीही चालतात."

"त्या दिवशी मी खुराड्यातलं एक अंडं उचललं होतं. तपासून घेतलं. कोंबड्या वाळू टोचतात, शिसं अंड्यात उतरतं."

बेरिलने ओट्याला धरलं. "नर्स म्हणाली लोह द्या, म्हणून रोज अंडं द्यायचे. आकडा वाढला म्हणून मी एकाची दोन केली."

"म्हणून तो आणखी वाढला," रोमा हळू म्हणाली. "अंडी आजपासून बंद. आकडा उतरेल."

डग ब्रेटजवळ गेला. चुकलो म्हणाला, आणि ते किती अपुरं आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

लिआन ओरडायला माणूस शोधत आली होती. माणूस सापडला, आणि आता तिला ओरडता येईना. नवऱ्याला तिने रस्त्यावर काढलं होतं, आणि पोरीला रोज आपल्या हातांनी इथे आणून सोडलं होतं.

"लिआन, तिला माझ्यापासून दूर ने," बेरिल म्हणाली. "मी दोष देणार नाही."

बाहेरच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं आणि टिली रडू लागली. "नॅन! नॅन!"

लिआन उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. बेरिल जागची हलली नव्हती.

"जा ना," लिआन म्हणाली. "तुम्हालाच हाक मारतेय ती."