पट्टा तूच बसव

ही घडलेली गोष्ट आहे. मला रंगवून सांगता येत नाही. राजारामच्या तोंडून ऐकली, तशीच सांगतो.

साल छप्पन, जानेवारी. गिरगावात खोताच्या वाडीलगतच्या चाळीत राजाराम आणि त्याचा धाकटा भाऊ लवू आईसोबत राहायचे. दोघांची मिळून एक जुनी टॅक्सी. तिच्या पंख्याचा पट्टा तुटला, तोही नेमका संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली असताना.

"जा, दुकानाचं मागचं दार ठोठाव आणि पट्टा घेऊन ये."

"उद्या जातो ना, दादा. बाहेर गोळीबार चाललाय."

"मग बस बायकोच्या पदराखाली!"

लवूची बायको अंबिका दारातच उभी होती.

लवू गेला...

घरी आलं ते त्याचं प्रेत. नवा पट्टा मनगटात तसाच अडकवलेला होता.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

"आईला सांभाळीन," राजाराम हात जोडून म्हणाला.

कावळे भिंतीवर बसून होते. गप्प.

"अंबिकेला अंतर देणार नाही."

एकही हलला नाही.

ऊन डोक्यावर आलं. गुणाजीमामा म्हणाले, "अरे, ज्याच्यापायी जीव गेला, त्या पट्ट्याचं बोल की!"

राजाराम वैतागला. "बरं बाबा, पट्टा तूच बसव!"

...झपकन कावळा पिंडावर उतरला.

तेराव्यापर्यंत थांबायचा धीर राजारामला नव्हता. त्याच संध्याकाळी त्यानं टॅक्सीचं बॉनेट उघडलं.

हे काम दोघांचं. एकानं बोटांनी पट्टा पंख्याच्या चाकावर चढवायचा, दुसऱ्यानं पुढून इंजिनाचं हँडल हळूहळू फिरवायचं. हँडलवर नेहमी लवू असायचा. 'थांब' म्हटलं की थांबायचा.

राजारामनं पट्टा खालच्या चाकांवर घातला आणि वरच्या चाकाच्या कडेवर दाबून धरला. हँडल लावलेलंच होतं.

आपण ते कधी लावलं, हे त्याला आठवेना.

कर्र...

हँडल जरासं फिरलं. पट्टा आपसूक वर सरकला.

"थांब," सवयीनं त्याच्या तोंडून निघालं.

ते थांबलं.

राजाराम बोटं काढायला गेला... ती पट्ट्याखालून निघेनात.

कर्र...

"लवू, थांब रे! थांब!"

या वेळी ते थांबलं नाही. जोरातही फिरलं नाही. केसभर... मग आणखी केसभर...

त्याच्या किंकाळ्या ऐकून अंबिका कंदील घेऊन खाली आली. तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग त्या हँडलकडे. तिथं कुणीच नव्हतं.

तिनं पदर सावरला.

"अहो, दमानं फिरवा," ती हळूच म्हणाली. "घाई कुठं आहे?"

उजव्या हाताची तीन बोटं गेली. डाव्या हातानं जेवायला आईनं बंदी केली, म्हणून त्याला भरवायचं काम अंबिकेकडे आलं. ती घास पुढे करायची, तो मुकाट्यानं तोंड उघडायचा.

त्या संध्याकाळबद्दल त्यानं तिला कधीच काही विचारलं नाही. एकदा मीच विचारलं.

ती नुसती हसली... आणि मलाही जेवायला बस म्हणाली.