उत्तराबाईंची धरसोड

जगाचं संगणकजाल सहा वर्षांनी पुन्हा सुरू झालं, तेव्हा हर्णैच्या किनारी प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. डॉ. उत्तरा धामणकरांनी पेढा बाजूला ठेवला आणि आधी एकच गोष्ट शोधली: पर्थमध्ये विश्राम केणीचं काय चाललंय?

विश्राम त्यांचा वर्गमित्र. दोघांचा विषय एकच, समुद्राचं पाणी गोडं करणारी जलगाळणी. यांची शेवाळाची, त्याची मातीची. जाल कोसळण्यापूर्वी त्याचे आकडे पाहिल्याशिवाय बाईंना चहा गोड लागत नसे. शेवटच्या सकाळी त्याची माती जास्त पाणी देताना दिसली. आपलं शेवाळ जास्त टिकतं, याचं बाईंना काहीच वाटलं नाही. पोटात असं दुखलं, की शेवाळ टाकून त्यांनी माती धरली. त्याच दुपारी जाल गेलं. पत्र पाठवता आलं असतं, पण आधी लिहायचं कोणी?

आता त्यांच्या मातीतून गाळलेलं पाणी साऱ्या हर्णैच्या नळांना येत होतं. आणि संगणकावर विश्राम हसत उभा होता, शेवाळाच्या गाळणीशेजारी.

"माझं शेवाळ! मेला चोर!"

जालतज्ज्ञ झुबेर परकार पेढा खात होते. "चोर कसला, मॅडम? त्या सकाळी त्यानेही तुमचे आकडे पाहिले असणार. तेव्हा प्रत्येक प्रयोगशाळा रोज दुसरीकडे बघायची आणि उडी मारायची. एक ना धड, भाराभर चिंध्या. जाल पडलं, दुसऱ्याचं दिसेनासं झालं, म्हणून हातातलं तडीस गेलं. तुम्ही दोघंही जिंकलात."

"त्याची गाळणी माझ्या दुप्पट टिकते."

"टिकू दे की."

बाईंचा नुसता जळफळाट होत होता. "टाक्या रिकाम्या करा. उद्यापासून शेवाळ."

"आणि हर्णैला पाणी?"

"टँकर मागवा."

दुपारपर्यंत सगळी माती आवारात ढीग होऊन पडली. तेवढ्यात विश्रामचा निरोप आला, सहा वर्षांतला पहिला. परकारांनी तो मोठ्याने वाचला.

"उत्तरा, तुझी माती किती पाणी देते गं! राहवलं नाही. सकाळीच सगळं शेवाळ उपसून फेकलं. आता मातीच."

परकारांना हसू आवरेना. आता तरी बाई हसतील, असं त्यांना वाटलं.

उत्तराबाई मातीच्या ढिगाकडे धावत सुटल्या होत्या. "परत भरा ही! आधी भरा! त्याने भरायच्या आत!"