बाजाराचं पाणी कुठं जिरतं?

"थू थू! आजी, पाण्यात साबण कालवला का काय?" मच्छिंद्रने घोट बाहेर टाकला.

देवानंद आणि बेबीनंदा खो खो हसले. ही भावंडं अंबडहून मामाच्या गावी, कुंभार पिंपळगावला, सुट्टीला आली की शेजारचा मच्छिंद्र त्यांना चिकटलाच! वस्तीवरची गिरिजाआजी मात्र हसली नाही. ओढा आटला की ती वाळूत झिरा खणायची आणि पाझरलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायची. खालच्या वस्तीची तहान त्यावरच भागायची.

"बाजार नवा झाल्यापासून वास मारून राह्यलंय," ती म्हणाली. "झिरा गेला तर मंग मळ्यातल्या विहिरीवर जावं लागंल. माझे गुडघे चालतेत का तेवढं?"

नवा बाजार म्हणजे सरपंच काकासाहेबांचा जीव की प्राण! फरशीचे ओटे, रांगेत झाडं, पक्कं गटार. स्वच्छ गाव बघायला समिती येणार होती ना! मुलं थेट त्यांच्याकडेच गेली.

"काका, गटाराचं पाणी कुठं जातं?"

"शोषखड्ड्यात! बराबर जिरतं तिथं. तुमच्या अंबडला तरी हाय का असं? पळा, उन्हानं डोकी तापली तुमची!"

खड्डा ओढ्याच्या काठावर होता, झिऱ्याच्या वरच्या अंगाला. मच्छिंद्र वाकून बघू लागला.

"काळ्या रानात खांदायचं म्हणजे घाम निघतो. इथं वाळू लागली, म्हणून गड्यांनी जल्दी उरकलं!"

"पण वाळूतून पाणी पुढं कुठं जाईल रे?" बेबीनंदाने विचारलं.

तिघांनीही खालच्या झिऱ्याकडे पाहिलं.

मच्छिंद्रकडे रंगपंचमीचा हिरवा रंग उरला होता. "उद्या झिऱ्याचं पाणी कुणी भरू नका," असं त्यांनी आजीला बजावलं. आठवडी बाजार उठला, मासेवाले आणि भजीवाले ओटे धुऊ लागले, तशी देवानंदने सगळी पुडी गटारात रिकामी केली.

सकाळी झिरा हिरवागार!

बेबीनंदाने काचेचा ग्लास भरून काकासाहेबांपुढे धरला. "घ्या काका, पाणी प्या!"

"हे काय गं? शेवाळ?"

"काल तुमच्या बाजारात जिरलेलं पाणी!"

"हट! बिलकुल न्हाई!" म्हणत काकासाहेब तरातरा ओढ्यात उतरले. झिऱ्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ते हिरवं पाणी ओंजळीत घेतलं.

"माझी माय इथूनच पाणी न्यायची," ते म्हणाले. "समितीला दाखवायच्या नादात मीच यात घाण सोडली रे पोरांनो."

शोषखड्डा त्याच दिवशी बंद झाला. नवा खड्डा ओढ्यापासून दूर, घट्ट जमिनीत घ्यायचा आणि ओटे धुतलेलं पाणी बाजारातल्या झाडांना द्यायचं ठरलं. पण वाळूत मुरलेली घाण कशी काढणार? पावसाने ओढा धुऊन निघेपर्यंत झिऱ्याचं पाणी प्यायचं नाही, असं दवाखान्यातून सांगितलं. आजीने स्वतःच्या हातांनी झिरा बुजवला. तेव्हा मच्छिंद्रलासुद्धा थट्टा सुचली नाही.

संध्याकाळी ग्रामसभेत काकासाहेबांनी तिघांना पुढे बोलावलं. "आमच्या डोळ्यांवर कातडं होतं. या लेकरांनी ते काढलं. शाबास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! देवानंदची नजर मात्र गर्दीतून फिरत होती.

"गिरिजाआजी कुठंय?" त्याने विचारलं.

"मळ्यातल्या विहिरीवर गेलीय, पाण्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

टाळ्या थांबल्या. तिघांना फार वाईट वाटलं. तिन्ही मुलं सभेतून उठली आणि मळ्याच्या वाटेने पळत सुटली. अर्ध्या वाटेवर आजी भेटली. ती हंडा खाली ठेवून गुडघे चोळत बसली होती. देवानंदने हंडा उचलला आणि बेबीनंदाने आजीला हात दिला.