पाण्याच्या रांगेतल्या रेघा

खोटं वाटेल. वाटू दे. पण माझ्या वहिनीनं, बालझाननं, हे मला नान हातात धरून सांगितलंय. आणि नान हातात धरून आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही.

जानेवारीतला गुरुवार. आल्माटीबाहेरची प्रयोगशाळा. भर दुपार.

बालझानच्या गुरू कुल्याश आपाय यांनी दुष्काळातही हिरवं राहिलेलं लसूणघासाचं एक झाड जपलं होतं. त्याच्या तुकड्यांपासून टिश्यू कल्चरनं बाटल्यांत हजारो रोपं वाढवली. थंडीच्या तोंडावर आपाय गेल्या. त्याच आठवड्यात ते झाडही वाळलं.

"आईशी ताडल्याशिवाय पोरांना खरं म्हणू नकोस," आपाय बजावायच्या.

आता आईच उरली नव्हती.

रोपांचा डीएनए जेलवर चालवला की रेघा उमटतात. शेवटच्या रांगेत नुसतं पाणी घालतात. तिथं काही दिसता कामा नये.

अंधाऱ्या खोलीत बालझाननं दिवा लावला. सगळ्या रोपांच्या रेघा सारख्या.

"एका आईची लेकरं! चल, चहा टाक," सोबतचा दाउलेत म्हणाला.

आणि मग... शेवटची रांग उजळली.

दोन रेघा जवळजवळ. एक खूप खाली.

"हात धुतेस का गं कधी?" दाउलेत हसला.

नवं पाणी. नवे हातमोजे. पुन्हा तेच.

मग तिनं त्या रांगेत काहीच घातलं नाही. पाणीसुद्धा नाही.

तरीही... दोन जवळ, एक खाली.

दाउलेत आता हसत नव्हता.

बंद खोलीत वास आला... कढत तेलाचा. गेलेल्यांसाठी गुरुवारी सात शेल्पेक रोट्या तळतात ना, अगदी तसा. त्या इमारतीत साधी शेगडी नव्हती.

बालझाननं त्या रेघा ओळखल्या. आपायच्या मागं उभी राहून तिनं या रेघा पाहिल्या होत्या. ही आई होती. आणि तिच्या एकाही लेकरात ती खालची रेघ नव्हती.

तिनं थोरल्या भावाला, मिर्झाबेकला, फोन केला. पहिली रोपं त्याच्याच शेतात जायची होती.

"आगा, ही रोपं लावू नकोस."

"का? रोग पडलाय?"

"नाही... आपायना पसंत नाहीत."

"मेलेल्या बाईला विचारून मेंढ्या पाळू? गेल्या हिवाळ्यात निम्म्या गेल्या. उरलेल्यांना काय बर्फ चारू?"

शेवटी तिनं रोपं शेतावर पाठवायच्या कागदावर सही केली.

जुलैत ऊन तापलं आणि बघता बघता सगळं शेत करपलं.

मिर्झाबेकचा फोन आला. आता शिव्या बसणार, असं तिला वाटलं. पण त्याचा आवाज खाली आला होता.

"बालझान, कडेची पट्टी आपण मोकळी सोडली होती ना?"

"हो. तिथं काहीच लावलं नाही."

"मग हे झाड... हिरवंगार... कुणी लावलं?"

मेंढ्या भुकेल्या होत्या. कुंपणही नव्हतं. तरी एकीनंही त्याला तोंड लावलं नाही.

बालझाननं त्याचं एक पान आणलंय. कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलंय. तपासायला तिचा हात धजत नाही. "रेघा जुळल्या तर माफी मागावी लागेल," ती म्हणते, "आणि मला भीती वाटते, उत्तर येईल."

त्याला दोन वर्षं झाली. परवा तिनं मला खण उघडून दाखवला.

पान अजून हिरवंच आहे.