ढब्बूचा चावा

रोपवाटिकेचा मालक कुंड्यांच्या रांगेत उताणा पडला होता. गळा पार फाटलेला, रक्त मातीत मुरून काळं पडलेलं. चार हातांवर त्याचा ढब्बू, वासराएवढा काळा कुत्रा, साखळीनं खांबाला बांधलेला. तोंड वासलेलं आणि नाकाडापासून छातीपर्यंत रक्तानं माखलेला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना एकाच कामाला बोलावलं होतं. त्याला कायमचं झोपवायला.

"उरका बाई," फौजदार म्हणाले. "माणूस मारलाय त्यानं."

"द्या त्याला सुई!" मालकाची बायको किंचाळली. पंधरा दिवस लेकीकडे राहून ती सकाळीच परतली होती. "लेकरासारखा वाढवला मेल्याला, आणि हेच पांग फेडले!"

बाईंनी सुई भरली. पण दिलेली सुई परत घेता येत नाही, म्हणून त्या आधी विचारून घेत.

"चावताना कोणी पाहिलं?"

"मी," मालकाचा धाकटा भाऊ म्हणाला. "महिन्यानं आलो दादाला भेटायला. बघतो तर यानं त्याचा गळा धरलेला. सोडवायला गेलो, तर मलाही चावला."

"मग गळा सुटला कसा?"

"दोन्ही हातांनी जबडा फाकवला, तेव्हा कुठे! मग साखळीला बांधला."

"हातावरची पट्टी सोडा बघू."

मनगटावर तीन भोकं, एका ओळीत. खालच्या बाजूला ओरखडासुद्धा नाही. मागच्या भिंतीवर खुरपी, कात्री, झारी आपापल्या खिळ्याला टांगलेली होती. एक खिळा तेवढा रिकामा होता.

हवेत गारवा असूनही ढब्बूचं तोंड उघडंच होतं. त्यानं बादलीत अख्खं थोबाड बुडवलं, तर पाणी दोन्ही बाजूंनी गळून गेलं. शेजारी वाडग्यात पातळ पेज होती आणि तिच्यात बिनसुईची मोठी पिचकारी.

"आजारी होता का हा?"

बायकोनं डोळे पुसले. "दहा दिवसांपूर्वी फोनवर म्हणाले होते, खाणं सांडतोय. मी म्हटलं, लाडावलाय."

बाईंनी सुई खाली ठेवली आणि सरळ आपली मूठ ढब्बूच्या दातांत घातली.

"अहो बाई! जिवावर उदार झालात का?" फौजदारांनी पिस्तूल उपसलं.

ढब्बू शेपूट हलवत राहिला. बाईंनी त्याचा जबडा हातानं मिटवला आणि सोडला. तो पुन्हा लोंबला.

"याला चावताच येत नाही, साहेब. जबडा मिटवायचा हुकूम मेंदूकडून नेणारी नस दोन्हीकडे निकामी झाली आहे. होईल बरा. पिसाळलेला असता तर इतके दिवस जगला नसता. जिभेची नस वेगळी, ती शाबूत आहे. बिचारा धन्याची जखम चाटायला गेला आणि रक्तानं माखला."

"मग गळा कोणी फाडला?"

"चाव्याला वरचे आणि खालचे, दोन्ही दात लागतात. यांच्या हाताला एकाच बाजूनं तीन भोकं आहेत. माती उकरायच्या लोखंडी पंजाला दात किती असतात? तो खिळा रिकामा का आहे?"

हवालदारानं शोधाशोध करून खताचा ढीग उपसला. पंजा निघाला. दात्यांना कातडं चिकटलेलं होतं.

"महिनाभर इकडे फिरकला नाहीत ना," बाई म्हणाल्या, "म्हणून याचा आजार ठाऊक नव्हता, आणि ही थाप मारलीत."

भाऊ फुटला. "सगळं लेकीच्या हाती देणार होता! मी राबलो वीस वर्षं, मी काय पालापाचोळा? ओरडायला लागला, म्हणून पुन्हा पुन्हा मारला!"

वहिनीनं त्याच्या थोबाडीत अशी लगावली की तो कुंड्यांवर कोसळला. हवालदारानं त्याला फरफटत नेलं.

मग ती ढब्बूपाशी मातीतच बसली. पिचकारी भरून त्याच्या गालात धरली.

"खा रे राजा," ती म्हणाली. "त्यांच्या हातची शेवटची पेज आहे."