बाई बऱ्या आहेत का?

पीएचडी झाली की माणूस शिकून मोकळा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी शिकाऊताईच्या आत्याला भेटावं. "नावामागे डॉक्टर लागलं, तरी अजून शिकतेसच?" आत्या विचारायची. "तुझी शाळा सुटणार कधी गं बाई?"

शाळा सुटायला अजून अवकाश होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये आली होती. रक्ताचे आकडे वाचून रिपोर्टवर सही कशी करायची, हे शिकायला. वाटतं तितकं सोपं नाही हो ते. मशीन नुसता आकडा देतं. तो खरा की फसवा, हे माणसाला ठरवावं लागतं, आणि सही केली की निस्तरावंही त्यालाच लागतं.

त्या रविवारी दुपारी ती पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर होती. सोबतीला मामा होते, म्हणजे लॅबचे जुने टेक्निशियन. आणि बाई होत्या. बाई लॅबच्या प्रमुख, गेल्या हिवाळ्यात वारलेल्या. पण लॅबमध्ये होत्या.

ही काय भानगड, ते ऐका. मशीन ताळ्यावर आहे ना हे बघायला रोज आधी एक ठरलेलं रक्त तपासतात, ज्याचे आकडे पाठ असतात. या लॅबची रीत अशी, की ते रक्त प्रमुखाने स्वतःचं द्यायचं. त्यावरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, इवल्याशा कुप्यांत भरून गोठवायचं आणि रोज एक कुपी वितळवायची. आकडे जुळले की मामा हाळी द्यायचे, "बाई बऱ्या आहेत! लागा कामाला." बाई होत्या तेव्हा त्याच हसून विचारायच्या, "काय मामा, बरी आहे ना मी?" त्या गेल्यावरही हाळी चालू राहिली. ती बंद करणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं.

बाईंचे नियम कडक. बाई बऱ्या नसतील तर एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही. आणि हातातला रिपोर्ट गेल्याशिवाय जेवायचं नाही. मग मागच्या खोलीत जाऊन जेवायच्या, डबा धुवायच्या, मोरीच्या कडेला पालथा घालायच्या.

त्या दुपारी बाई बऱ्या होत्या. लॅबमध्ये स्पिरिटचा वास होता, फ्रीजरची घरघर होती, उंचावरच्या खिडकीतून उन्हाची एक तिरीप येत होती. ताई जेवायला उठणार तोच वॉर्डातून रक्ताची नळी आली. वरचं नाव वाचून ती परत बसली. आत्याची नळी.

आत्या म्हणजे तिची आईच म्हणा ना. लहानपणापासून तिनेच सांभाळलेलं. उलट्या आणि अशक्तपणा म्हणून दाखल झाली होती, मूत्रपिंडं जरा थकली होती, पण उद्या घरी जाणार म्हणून पिशवीही भरून बसली होती.

सीरम वर यावं म्हणून नळी गरगर फिरवून काढली, तर वरचं पाणी गुलाबी. रक्त काढताना पेशी फुटल्या की असं होतं, आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडून आकडा उगाच फुगतो. पोटॅशियम चारच्या आसपास असावं. सातला हृदय बंद पडू शकतं. आत्याचं सातच्या वर आलं.

पण गुलाबी नळी ना? ती परत पाठवायची, दुसरी मागवायची, हा नियम. तिने वॉर्डला फोन लावला.

"शीर सापडत नाही हो त्यांची," सिस्टर म्हणाली. "एक तास तरी जाईल."

"जाऊ दे. काही घाई नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

मामांनी मान वर केली. बाई गेल्या त्या दिवशी त्यांचीही नळी गुलाबी आली होती आणि नियमाप्रमाणे परत गेली होती. दुसरी नळी कधी आलीच नाही. लॅबमध्ये हा विषय कुणी काढत नसे.

मनाला रुखरुख नको म्हणून तिने बाईंची सकाळचीच कुपी पुन्हा मशीनला लावली. सुई खाली गेली. टक्. पडद्यावर आकडा आला.

सातच्या वर.

"मामा... इकडे या जरा."

पुन्हा लावली. आकडा आणखी चढला. मशीन बिघडलं असणार! तिने कंपनीचं तयार सीरम लावून पाहिलं, तर ते अगदी चोख. मशीन ठणठणीत होतं. एकट्या बाईंचाच आकडा चढत होता, सकाळी चारवर असलेल्या बाईंचा. तिने कुपी उचलली आणि पटकन खाली ठेवली. कुपी कोमट होती. तापलेल्या माणसाच्या हातासारखी.

"ताई," मामा अगदी हळू म्हणाले, "बाई... बऱ्या नाहीत."

बाई बऱ्या नसतील तर रिपोर्ट जायचा नाही. आत्याचा आकडा कळवला आणि खोटा निघाला तर पहिल्याच दिवशी हसं, कदाचित सहीचा हक्कही जाईल. आणि खरा निघाला तर? वर आत्या भरलेल्या पिशवीशेजारी पडून होती. तिने फोन उचलला आणि वॉर्डच्या डॉक्टरला आकडा सांगितला.

"गुलाबी सँपलवर मी धावपळ करू?"

"करा! आधी ईसीजी काढा, नळीचं नंतर बघू. चुकलं तर माझ्या माथ्यावर."

तिने सही केली. रिपोर्ट गेला.

बराच वेळ फोन वाजला नाही. मग वाजला. "बरं झालं सांगितलंत," डॉक्टरचा आवाज उतरला होता. "ईसीजी बिघडलेलाच होता. इंजेक्शन दिलंय, सावरतायत. तासभर थांबलो असतो तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मागून आत्याचा बारीक आवाज आला, "तिला म्हणावं, आता तरी सुटली का शाळा?" ताई फोन धरून हमसून हमसून रडली.

डोळे पुसून तिने बाईंची तीच कुपी शेवटची एकदा लावली. पोटॅशियम चार. सगळे आकडे जिथल्या तिथे. एक सोडून. बाईंची साखर, जी इतकी वर्षं जागची हलली नव्हती, ती चढली होती. भरपेट जेवून उठलेल्या माणसाची चढते, तितकीच.

मामांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "रिपोर्ट गेला ना..." ते पुटपुटले.

आपणही सकाळपासून उपाशी आहोत हे तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आलं. ती मागच्या खोलीत गेली. टेबलावर ठेवलेला तिचा डबा तिथे नव्हता. मोरीच्या कडेला तो धुऊन पालथा घातलेला होता, आणि त्याच्यावरून पाणी अजून निथळत होतं.