आवळलेले बोल्ट

दार वाजलं तेव्हा बारकीच्या एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हातात वॉशिंग मशीनचं झाकण. झाकण कुठे टेकवावं तेच सुचेना, म्हणून ती ते घेऊनच दार उघडायला गेली.

दारात खालच्या मजल्यावरचा तो उभा होता. उंच, किडकिडीत, गळ्यात हेडफोन. तो पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचा, हेच त्याचं काम. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे रेडिओ म्हणत. बारकीने त्याला जिन्यात ओझरतं पाहिलं होतं. ओझरतं म्हणजे... जरा थांबूनच पाहिलं होतं. आणि तो आज दारात आला तर हिच्या केसांत साबणाची पावडर आणि हात कोपरापर्यंत काळे!

"माफ करा हं," तो म्हणाला. आवाज असा की माफ करावंच लागेल. "तुमच्याकडे कुणी कपाट ढकलतं का? म्हणजे बघा, माझ्या गोष्टीतली नायिका नायकाच्या कानात हळूच काहीतरी सांगायला जाते, आणि वरून धडाड्! आज सकाळपासून तिला तोंडच उघडता आलेलं नाही."

"कपाट नाही, मशीन आहे. कपडे पिळायला लागलं की थयथयाट करतं. आज तर बाथरूममधून चालत बाहेर आलं."

"मग?"

"मग काय, मी ते उघडलं."

त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. पुढचा पत्रा भिंतीला टेकवलेला, साबणाचा खण खुर्चीवर, मशीन जड राहावं म्हणून आत असतं ते सिमेंटचं वजन पायपुसण्यावर, आणि लहानमोठ्या वाट्यांमध्ये वेगवेगळे स्क्रू.

"हे सगळं... एकाच मशीनमधलं?"

बारकीला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही येईल असं वाटलं. कारण दुपारी आई येणार होती.

घरातली सगळ्यांत धाकटी म्हणून ती बारकी. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची नोकरी लागली, स्वतःचे पैसे हातात आले, तरी घरच्यांच्या लेखी ती बारकीच राहिली. दुकानाजवळ वेगळं राहते म्हणाली तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. शेवटी दादा म्हणाला, "ठीक आहे. आई येऊन बघेल. नाही जमलेलं दिसलं तर निमूटपणे तिच्याबरोबर परत यायचं." आणि बारकी तोऱ्यात हो म्हणून बसली होती. आता आई येऊन काय बघणार? हा पसारा!

"मी हात लावू का?" रेडिओने विचारलं.

एरवी ती नको म्हणाली असती. आज तिने त्याच्या हातात पक्कड दिली.

तो पाइप सोडवायला मशीनच्या मागे गेला आणि एकदम थबकला. "अहो, हे मागचे चार बोल्ट—"

"ते ना? ते मीच आवळलेत." बारकीचा चेहरा उजळला. "मशीन बसवायला माणूस आला होता. त्याला दारातूनच परत पाठवला. म्हटलं, माझं घर, माझं मशीन, मीच बसवणार. हे चार जरा सैल वाटले. मशीन हादरलं की मी आवळते. दिवसभर चष्म्यांचे स्क्रूच तर आवळत असते, स्क्रू हलला की हाताला लगेच कळतं." आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने पाना लावून त्यांना आणखी एकेक पीळ दिला. "आहे ना पक्कं?"

रेडिओने तोंड उघडलं... मिटलं. "एकदम पक्कं," तो म्हणाला.

मग दोघं खाली फरशीवर बसून एकेक भाग तपासू लागले. ड्रम हाताने फिरवला, कुठे खरखर नाही. ड्रमखालचे हादरे झेलणारे दांडे दाबून पाहिले, ते धडधाकट. ती टॉर्च धरायची, तो आत हात घालायचा. मध्येच बोटांना बोटं लागायची आणि दोघंही उगाच सॉरी म्हणायचे.

"एक विचारू?" बारकी टॉर्चमागून म्हणाली. "त्याने तिला शेवटी जाऊ दिलं का हो? तुमच्या गोष्टीतल्या त्या दीपस्तंभवाल्याने?"

"तुम्हाला काय माहीत त्याचं?"

"बाथरूमच्या पाइपमधून ऐकू येतं." ती लाल झाली. "नळ बंद केला की."

"आणि तुम्ही नळ बंद करता?"

"पाणी वाचवावं माणसाने."

तो हसला. खळखळून नाही, आतल्या आत. "जाऊ दिलं त्याने. गप्प बसला आणि जाऊ दिलं."

"बावळटच आहे."

"हो," तो म्हणाला आणि का कोण जाणे, मशीनच्या मागच्या बाजूकडे बघत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला, बारकीने उठून घेतला. आईला आधीची गाडी मिळाली होती. रिक्षात बसलेच आहे, म्हणाली.

सगळं उघडून झालं, सगळं तपासून झालं, आणि बिघाड कुठेच नाही! ती भिंतीला टेकून मटकन बसली. "झालं. नाही जमत मला. दादाला सांगून टाकते, माझी खोली झाडून ठेव म्हणून."

"नका सांगू."

"का?"

"कारण मशीन बिघडलेलंच नाही." त्याच्या आवाजातला गोडवा पार पळाला होता. "ते चार बोल्ट... ते काढायचे असतात. गाडीतून आणताना ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात लावतात. बसवताना काढले नाहीत तर मशीन असंच उड्या मारतं. माझ्याकडेही झालं होतं."

बारकी ताडकन उठली. "तुम्हाला हे आल्या आल्या कळलं होतं?"

"हो."

"आणि मी मूर्खासारखी तुमच्यासमोर ते आवळत होते!"

"सांगणार होतो, पण तुम्ही इतक्या खुशीत होतात... धीर झाला नाही. नंतर तुम्ही त्या दीपस्तंभवाल्याचं विचारलंत, आणि मला वाटलं, अजून थोडा वेळ..." त्याने मान खाली घातली. "आता गप्प बसलो तर तुम्ही जाल. आणि तुम्ही जायला नकोय मला."

तिला भयंकर राग आला. कानशिलं तापली. आणि त्या रागाच्या तळाशी काहीतरी गोड हललं, त्याचा तर आणखीच राग आला.

"पत्रा धरा," ती एवढंच म्हणाली.

तिने चारही बोल्ट स्वतः काढले. इतके घट्ट बसले होते की तिच्या तळहाताला फोड आला. त्याने पाना मागितला, तिने दिला नाही. पण मशीनच्या दाराच्या रबराभोवतीची तार बसवायला चार हात लागतात, तिथे तिचा नाइलाज होता. तो एक टोक धरून होता, ती दुसरं ताणत होती आणि दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली... नेमकी त्याच वेळी आई दारात येऊन उभी राहिली.

"मेकॅनिक का गं?" आईने विचारलं.

हो म्हटलं की सुटका होती. पण बारकी म्हणाली, "नाही. खाली राहतात. मशीन मीच चुकीचं बसवलं, मीच उघडलं, आणि एकटीला जमेना म्हणून यांनी मदत केली."

आईने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि वाट्यांमधले स्क्रू पुढे सरकवायला बसली.

मशीन जागेवर गेलं. दोन ओल्या चादरी आत टाकून बारकीने बटण दाबलं. ड्रम फिरला, वेग वाढला, आणखी वाढला. ती डोळे मिटून धडाड्ची वाट बघत होती. पण मशीन तसूभरही हललं नाही.

"म्हणजे एकटीने नाहीच जमलं तुला," आई म्हणाली.

"नाही जमलं." बारकीने कबूल केलं. "पण मी परत येणार नाही, आई."

आईने तिच्या तळहातावरचा फोड पाहिला, त्यावर हलकेच फुंकर घातली. "दादाला मी सांगते," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

रेडिओ दारात चप्पल घालत होता. "आता आवाज येणार नाही. म्हणजे मला वर यायला काही..." त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं सफाईने वाचणारा माणूस, पण स्वतःचं एक वाक्य पुरं होईना.

"मला तुमचा राग आलाय," बारकी म्हणाली. "खूप. तो जाईपर्यंत तुम्ही रोज यायचं."

तो चप्पल घालता घालता थांबला. "किती दिवस टिकतो तुमचा राग?"

तिने उत्तर द्यायच्या आतच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "हिचा राग? जन्मभर पुरेल!"

रेडिओने पायातली चप्पल काढली आणि तो परत आत आला.